नळी तीन इंच कापलेली आणि खिसा १,९२५ डॉलरने

इथे अमेरिकेत एक जुनी रायफल ऑनलाइन घेताना फसलो, ते लिहायला चार महिने घेतले कारण लाज वाटत होती. बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही आणि तिलाही पूर्ण आकडा सांगितलेला नाही, म्हणून इथे आधीच ओकून टाकतो. १,८५० डॉलर विकणाऱ्याला, ४५ शिपिंग-इन्शुरन्सचे, ३० इथल्या बंदूक-दुकानदाराची ट्रान्सफर फी, रायफल त्याच्याच हातून मिळते. १,९२५. रुपयांत मांडू नका, मी मांडलेत, झोप लागत नाही.

आता "तुला बंदूक हवीच कशाला" म्हणणाऱ्यांसाठी. मी कोल्हापूरचा, कॉलेजात एनसीसीत होतो. पालथं पडून पॉइंट टू टूचे (.२२ बोअरच्या बारीक गोळीचे) पाच राऊंड, मागून उस्ताद ओरडतायत श्वास रोख म्हणून, आणि माझं ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, चहाच्या बशीखाली झाकलं जायचं, हे अजून आठवतं. स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते ह्याच पॉइंट टू टूवर, ५० मीटरवर, त्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलोय मी. तर हौस जुनी आहे. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी बंदुकीला हातसुद्धा लावला नाही (एच-वन वाल्यांनो, व्हिसावर असताना बंदूक बाळगणं फेडरल गुन्हा ठरू शकतो, हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका).

हवी होती विंचेस्टर मॉडेल ६३, पॉइंट टू टूचीच रायफल. १९३३ ते १९५८ एवढीच वर्षं बनली ही. सेमी-ऑटो, पण मॅगझीन बाहेर लटकत नाही, दस्त्याच्या आत गोळ्या भरायची नळी आहे, दस्त्याला उजव्या बाजूला भोक आहे त्यातून एकेक करत दहा राऊंड सोडायचे. कॉक करायला पुढे लाकडाच्या टोकाशी एक दांडा, तो मागे दाबायचा. त्याचा 'खट्ट' आवाज एकदा ऐकलात की संपलात. हिच्या आधीची मॉडेल १९०३ दिसायला सेम टू सेम, पण तिचा राऊंड वेगळा, ६३ ला लागतो तो 'लाँग रायफल' नावाचा नेहमीचा राऊंड तिला चालत नाही, तिथे लोक फसतात. मी त्यात फसलो नाही. एवढा अभ्यास केला होता! मी त्याच्या पुढच्या खड्ड्यात पडलो.

तो खड्डा असा. ६३ मध्ये २३ इंची नळी (बॅरल) कॉमन. २० इंची फक्त सुरुवातीला बनली आणि १९३६ ला बंद झाली, म्हणून तिला जास्त पैसे पडतात. बंदुका विकायच्या एका साईटवर दुसऱ्या राज्यातल्या एकाने २० इंची टाकली होती, "आजोबांनी १९३५ ला घेतली, घराण्यातली आहे, नाइलाजाने विकतोय". फोटो मस्त, चौकटीच्या टेबलक्लॉथवर ठेवलेली, ब्लूइंग (पोलादावरचा काळसर लेप) काळंभोर. सीरियल नंबरच्या फोटोत शेवटच्या तीन आकड्यांवर त्याने अंगठा ठेवलेला. नखाखाली काळा डाग असलेला तो अंगठा मला आता स्वप्नात दिसतो. आकडे झाकतात बरेच जण, त्यात काही नाही. पण अंगठ्याच्या डावीकडे तीन आकडे दिसत होते हो. तीन उघडे, तीन झाकलेले, म्हणजे सहा. सगळ्या मिळून पावणेदोन लाखाच्या आसपास बनल्या त्या पंचवीस वर्षांत, मग लाखाच्या पुढचा नंबर १९३५ चा कसा असेल? तिसरीतलं पोरगं सांगेल. वर्षांचा तक्ता माझ्याकडे दुसऱ्या टॅबमध्ये उघडा होता. उघडा! मी बघत काय होतो तर लाकडाची चमक.

मग पैसे. १,९०० सांगत होता, म्हणाला कार्डला तीन टक्के जातात, साईटच्या बाहेर फोनवरच्या ॲपने पाठव, पन्नास कमी करतो. पाठवले. पन्नास डॉलर वाचवले म्हणून बायकोला फुशारकी मारली. साईटच्या बाहेर पैसे म्हणजे साईटचं संरक्षण गेलं, हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत फिरायचो. पण समोरचा खरा वाटला, फोनवर बोलला, लायसन्सवाल्या दुकानातूनच पाठवतो म्हणाला आणि त्या दुकानाच्या लायसन्सचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे मी एटीएफच्या (बंदुकांचं बघणारं फेडरल खातं) साईटवर टाकून तपासले, खरं निघालं. हे तुम्हीही करा, फुकट आहे. पण त्याने दुकान खरं आहे एवढंच कळतं, माणूस नाही.

आमच्या गावातल्या दुकानात रायफल आली. बघून नापसंत पडली तर परत करायला तीन दिवस होते, अट एकच, फायर केली की परत नाही. दुकानदार म्हाताऱ्याने विचारलं, ४४७३ (बंदूक ताब्यात घेतानाचा फेडरल फॉर्म) भरायच्या आधी एकदा नळी मोजून बघतोस का? मी म्हटलं कशाला, फोटो बघितलेत. तो काही बोलला नाही, फॉर्म पुढे सरकवला. दोन मिनिटं लागली असती. रिकामी आहे ना ते नीट बघायचं, बोल्ट बंद, नळीच्या तोंडातून लाकडी काडी आत घालायची, खूण करायची, मोजायची. आणि मोजून २० भरलंच असतं म्हणा, कापलेलीच होती ती २० ला. पण तेव्हा तोंड बघितलं असतं, नंबर बघितला असता, काहीतरी.

शनिवारी रेंजवर गेलो. २५ यार्ड, टेबलावर रेस्ट ठेवून दहा राऊंड. ग्रुपिंग? परातीएवढं. बशी राहू दे, परात. शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचे काका होते, त्यांनी विचारून रायफल हातात घेतली, बोल्ट उघडून बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि खिशातून कान साफ करायची कापसाची काडी काढून नळीच्या तोंडाच्या कडेवरून फिरवली. एका जागी कापसाचे तंतू अडकून लोंबायला लागले. 'बर', म्हणजे कापल्यावर राहिलेली धातूची खरखरीत कड, आहे म्हणाले, करवतीने कापलीये आणि धड घासलीही नाही. मग फोरसाईटच्या (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) खोबणीशी बोट नेलं, तिथलं ब्लूइंग नवं आणि ती खूण केसभर उजवीकडे कललेली. मग नंबर बघितला आणि हसले. वाईट माणूस नव्हता, पण ते हसू.

विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर, "आजोबांनीच कापली असेल कधीतरी." १९३५ ला घेणारे आजोबा, ज्यांची रायफल पन्नासच्या दशकातली! नंतर ब्लॉक.

आता साहेब लोकांची ऐका. आमच्या काउंटीतला डेप्युटी, म्हणजे शेरीफचा पोलीस, म्हणाला गुन्हा विकणाऱ्याच्या गावात घडला. त्याच्या गावाला फोन केला तर पैसे तुमच्या गावातून गेले ना, मग तिकडेच तक्रार करा. परत आमच्याकडे, तर दुसरा डेप्युटी, तो म्हणतो नळी कापणं गुन्हा नाही, १६ इंचाच्या खाली गेली असती तर सांगा. म्हणजे चोराने आठ इंच कापली असती तर सगळे धावले असते, तीनच कापली म्हणून "सिव्हिल मॅटर". राज्याच्या ग्राहक विभागाने सांगितलं तो व्यापारी नाही, खाजगी माणूस आहे. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर दीड तास फॉर्म भरला, पोच आली, पुढे चिडीचूप. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमच्याच बोटाने. साईटवाले म्हणाले व्यवहार बाहेर झाला. प्रत्येकाचं अगदी गोड बोलणं, हॅव अ ग्रेट डे. आपल्याकडे तलाठी निदान तोंडावर तरी हाकलतो. वकिलाकडे गेलोच नाही, १,९२५ साठी कोण उभं करतो.

दुकानदार ३५० देतो म्हणतो. गनस्मिथ नळीचं तोंड नीट करायचे ९० मागतोय, केल्यावर निदान नेम तरी लागेल. बहुतेक करेन, कारण तो 'खट्ट' अजूनही गोड वाटतो, काय सांगू.

आणि हो, फोटोत नंबर झाकला असेल तर अख्खा नंबर फोनवर मागा, नाही दिला तर विषय संपला. नळीच्या तोंडाचा जवळून फोटो मागा. "आजोबांची" वाचलंत की हजार डॉलर कमी करून विचार करा. पन्नास डॉलर वाचवू नका.

परवा त्याच साईटवर एक रेमिंग्टन २४१, अशीच जुनी पॉइंट टू टू रायफल, विकायला आलेली दिसली. तोच चौकटीचा टेबलक्लॉथ, सीरियल नंबरवर तोच अंगठा, नखाखाली तोच डाग. मी लगेच रिपोर्ट केलं, चारही फोटो जोडले. दोन सेकंदांत मशीनचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल धन्यवाद. काल रात्री बघितलं तर तिच्यावर लाल अक्षरांत 'विकली गेली' लिहिलं होतं.