“काहून नाही आली वं?” : एकट्या पडलेल्या मोठ्यांसाठी सोबत शोधताना

मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, गेले तेव्हा तेरवीपर्यंत नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवसापासून मोठी आई, माझी काकू, एकटी. काही महिन्यांनी मी गेले, तर कर्ज हवं का विचारायला फोन केलेल्या मुलीशी ती पंधरा मिनिटं बोलत बसलेली. तिचं गाव, आईबाप, भाऊ, सगळं विचारून झालं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “चांगली होती वं पोरगी.” त्याच वर्षी आमच्या मामी गेल्या आणि मामाजीही एकटे झाले. या दोघांसाठी जे जे करून पाहिलं, ते इथे शेजारी-शेजारी मांडते आहे. तुमच्या घरी हाच पेच असेल तर ठरवायला उपयोगी पडेल.

आधी मी जागा कशी आहे, मंडळी शिकलेली आहेत का, असलं बघायचे. आता एकच बघते. माणूस एक दिवस गेला नाही तर “काहून नाही आली वं?” असं विचारणारं तिथे कोणी आहे का?

ज्येष्ठ नागरिक मंडळ आपल्याकडे बहुतेक प्रत्येक नगरात असतं. सकाळी बगिच्यात फेऱ्या, हसण्याचा व्यायाम, वाढदिवस, अधूनमधून रामटेक किंवा आदासा अशी सहल. वर्गणी फारशी नसते. नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच मानवतं, कारण तिथलं बोलणं पेन्शन, राजकारण आणि गुडघे याच वळणाचं. मोठी आई चार सकाळी गेली. बायका एका बाकावर, पुरुष दुसऱ्या बाकावर, आणि बायकांच्या बाकावर आधीच ठरलेल्या जोड्या. पाचव्या दिवशी तिने चप्पल घातलीच नाही.

पण माझा मोठा आक्षेप वेळेवर आहे. सकाळी सहाला कोणीच फार एकटं नसतं. दूधवाला येतो, पेपर येतो, पूजेची फुलं तोडायची असतात. खायला उठते ती दुपार. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बारापासून पाचपर्यंत दारं-खिडक्या बंद, आणि घरात फक्त कूलरचा आवाज. बगिच्यातली सोबत नेमकी तेव्हा नसते.

भजनी मंडळाची वेळ मात्र दुपारी तीन-साडेतीनची. आठवड्यातून दोनदा, आळीपाळीने एकेकीच्या घरी. मोठी आई काही फार भाविक नाही, गळाही बेताचा. पण तुकडोजी महाराजांची भजनं विदर्भातल्या तिच्या वयाच्या बाईला पाठ असतातच, आणि तिच्या हातात खंजिरी दिली तेव्हा ठेका तिचा निघाला. आता ती गेली नाही तर भजन लंगडं पडतं. शिवाय आपल्या घरची पाळी आली की चिवडा करायचा, सतरंजी झटकायची, कोणाला गूळ चालत नाही ते लक्षात ठेवायचं. बगिच्यात तिला कोणीतरी बोलतं करायला हवं होतं. इथे तिच्याकडे काम आहे. मला वाटतं, दोन्हीतला खरा फरक हाच.

तोटेही सांगते. ही मंडळं बऱ्याचदा एका जातीच्या, एका गल्लीच्या गोतावळ्यातून उभी राहतात. नव्या बाईला शिरायला ओळख लागते. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की विधवा बाईचं काय करतात, हे आधीच विचारून घ्या. आम्ही गेलो त्या पहिल्या मंडळात “तुम्ही मागे बसा ना” झालं. मोठी आई काही बोलली नाही, वाण न घेता घरी आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. शहरातल्या दिवाणखान्यांना कोण आवाहन करणार? आम्ही मंडळच बदललं. दुसऱ्या मंडळात सगळ्यांनाच कुंकू लावतात, ज्यांना नको त्यांना नाही.

बौद्ध घरांतल्या वाचकांना विहार माहीतच असेल. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात तिथे ग्रंथवाचनाला बायका नेमाने जमतात. नवीन माणसाला जोडून द्यायला ते तीन महिने उत्तम.

वाचणाऱ्या माणसासाठी वाचनालय आणि १९२३ पासूनचा आपला विदर्भ साहित्य संघ. झाशी राणी चौकात मेट्रोने उतरलं की जवळच, त्यामुळे लोकमान्यनगर मार्गावर राहणाऱ्यांना रिक्षाची कटकट नाही. कार्यक्रम चांगले असतात. पण श्रोता म्हणून गेलात तर श्रोता म्हणूनच परत याल. पुस्तकं लावायला, खुर्च्या मांडायला हात लागतात का, ते विचारायला लावा.

पगारी सोबतीण हा पर्याय तोल जाऊन पडण्याची भीती असेल, औषधं चुकत असतील, तर घ्यावा. मैत्री म्हणून घेऊ नये. ती सुट्टीवर गेली की बदली येते.

मुलाकडे पुण्याला नेणं हा सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय. मोठी आई अडीच महिने राहिली. चौदावा मजला, मुलगा-सून दिवसभर बाहेर, लिफ्टमध्ये “हॅलो आंटी”. परत आल्यावर म्हणाली, “तिकडं मले काही करमत नाही.” नातवंडं लहान असतील तर गोष्ट वेगळी, कारण तिथे काम आहे.

आता ज्यावर घरात आवाज चढतात तो विषय, नवा जोडीदार. मामींचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मामाजींसाठी स्थळं सुचवणारे तीन निघाले. मोठ्या आईसाठी आजवर एकही नाही. सुचवणाऱ्यांच्या मनात सोबतीपेक्षा पोळ्यांचा प्रश्न जास्त होता, असं माझं मत आहे. मामाजींनाही तसंच वाटलं. तरी दोघांच्या मनाने होत असेल तर मुलांनी आडवं येऊ नये, फक्त कागद आधी बघावेत. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता जात नाही. पेन्शनचं मात्र तसं नाही: भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत पुनर्विवाहानंतर विधवेची पेन्शन थांबते, केंद्र सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनही सहसा थांबतं, निपुत्रिक विधवेला उत्पन्नाच्या अटीवर सूट आहे. म्हणून काही जोडपी लग्न न करता एकत्र राहतात. अशा लग्नासारख्या नात्यातल्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळतं, पण वारसाहक्क आपोआप येत नाही. त्यासाठी मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार हवेतच, नोंदणी सक्तीची नाही. आणि ऑनलाइन ओळखीतून पैशाची मागणी आली तर बोलणं तिथेच थांबवा; पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा.

हे सगळं पाहून मी सांगेन ते असं: बाईला शेजारचं, दुपारचं आणि हाताला काम देणारं काही शोधा. पहिले तीन वेळा सोबत जा, चौथ्यांदा जाऊ नका, नाहीतर ती तुमच्याशीच बोलत बसते. जेवण-झोप महिनोन्‌महिने बिघडलेली असेल तर आधी डॉक्टर. आणि बाहेरगावच्या मुलांनी ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत मदतवाहिनी घरच्या फोनजवळ लिहून ठेवावी.

पुरुषांचं जास्त अवघड. मामाजींच्या सगळ्या ओळखी खरं तर मामींच्या होत्या. फोन त्या करायच्या, लग्नाच्या पत्रिका आणि आहेर त्या लक्षात ठेवायच्या. मामाजी फक्त स्कूटर काढायचे. ज्येष्ठ नागरिक मंडळात ते दोनदा गेले आणि “सगळे फालतू बोलतात” म्हणून बंद केलं. मग एका रविवारी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते आणि तीन प्रश्नांना उत्तर आलं नाही. लोक काय बोलतात ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. कानाच्या तपासणीची वेळ सोमवारची मिळाली आहे. तोवर त्यांना काहीच सुचवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.