वाचनगटासाठी कादंबरी की कथासंग्रह?

वाचनगटासाठी पुस्तक ठरवताना कादंबरी घ्यावी की कथासंग्रह, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटला, तरी चर्चेचा सारा रंग त्यावर ठरतो. ३०० पानांची कादंबरी ४ आठवड्यांत संपवायची, तर रोज साधारण ११ पाने वाचावी लागतात. ज्यांना तेवढीही सवड मिळत नाही, ते शेवट न वाचताच येतात आणि बैठकभर गप्प बसून राहतात. कथासंग्रहातील दोन कथा मात्र एका संध्याकाळी वाचून होतात, त्यामुळे कोणी मागे पडत नाही.

तरीही माझा कल कादंबरीकडेच आहे. एखादे पात्र पहिल्या प्रकरणात दिलेले वचन शेवटी का मोडते, यावर दहा जणांची दहा मते पडतात, कारण प्रत्येकाने त्या पात्राच्या सहवासात महिना काढलेला असतो. कथेला इतका सहवास लाभत नाही. पण तिच्या सूचक अखेरच्या वाक्यावर तासभर खल होऊ शकतो, हेही मान्य केले पाहिजे.

तयारीही वेगवेगळी करावी लागते. कादंबरी वाचताना प्रत्येकाने खटकलेल्या दोन जागी पेन्सिलने खूण करावी (आवृत्त्या निरनिराळ्या असल्यास पानाऐवजी प्रकरणाचा क्रमांक टिपावा), आणि सूत्रधाराने ‘पुस्तक आवडले का?’ असे मोघम न विचारता ‘तिने ते पत्र न वाचताच का जाळले?’ असे नेमके विचारावे. कथांच्या बाबतीत एकाच प्रसंगाकडे उलट बाजूंनी पाहणाऱ्या दोन कथा शेजारी ठेवल्या, की प्रश्न आपोआप निघतात.