लाईट गेल्यावर उठायचं कोणी?

मे संपत आला की गोव्यात आमच्या डिचोलीकडे दोन गोष्टी हमखास होतात. पहिलं वादळ येतं आणि कुठल्यातरी झाडाची फांदी तारेवर पडते. मग जनरेटर घ्यावा की सोलर, हा विषय घरोघरी निघतो. मी दोन्ही वापरून झालोय, म्हणून लिहितोय.

आधी एक गैरसमज काढतो, कारण यात पैसे अडकतात. नुसतं नेट मीटरवालं सोलर (बॅटरी नसलेलं, उरलेली वीज लाईनवर परत पाठवणारं) बसवलं तर लाईट गेल्यावर तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला छपरावरून उलटा करंट जाऊन शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. आमच्या शेजाऱ्यांना हे बसवून झाल्यावर कळलं. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते, आणि बजेट फुगतं ते तिथेच. पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण बॅटरी त्यात येत नाही.

जनरेटरची बाजू कमी लेखणार नाही. विहिरीचा पंप, मिक्सर, चवथीला भरलेलं घर, सगळं तो ओढतो. 2021च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती. पाणी चढलं, फ्रीजमधले बांगडे वाचले, ते त्याच्याच जिवावर. खर्चाचं म्हणाल तर लिटरमागे साधारण तीन युनिट धरा. डिझेल नव्वदीच्या घरात असेल तर युनिट तीस रुपयांना पडतं, आणि दोन पंखे नि चार दिव्यांसाठी चालवलात तर त्याहून महाग. पण वर्षातून मोजके दिवस लागणार असेल तर खर्चासाठी कोणी जनरेटर नाकारू नये. मीही त्यासाठी नाकारला नाही.

मला नडलं ते वेगळंच. जनरेटर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रात्री दोनला लाईट गेली की टॉर्च, छत्री, चिखल, मग सेल्फ मारायचा, मग आत येऊन चेंजओव्हर, म्हणजे घर लाईनवरून जनरेटरवर नेणारा स्विच, फिरवायचा. मी घरी असलो तर ठीक. पण मी आठवडाभर पणजीत आणि घरी आई एकटी. तिने एकदाही तो सुरू केला नाही. "लाईट येईल ती, मी पंख्याशिवाय मेले नाही" म्हणायची. म्हणजे ज्या माणसासाठी घेतला, त्याच्या उपयोगाचा नाही. त्यात सात-आठ महिने नुसता पडून राहायचा. एकदा जूनमध्ये बॅटरी उतरलेली, तर एकदा टाकीत दमटपणाचं पाणी साचलेलं. एका रात्री डिझेल संपून एअर धरली तेव्हा नट सैल करून हवा काढत भिजत उभा होतो. त्याच रात्री ठरवलं.

आता 3 किलोवॉटचं पॅनल आणि पाच युनिटांची लिथियम बॅटरी आहे. दोष आहेतच. एप्रिलात दिवसाला बारा-तेरा युनिट मिळतात, जुलैच्या झडीत तीन-चारसुद्धा. लाईट जास्त जाते तीही याच दिवसांत, हे कबूल. पण पावसाळ्यात बॅटरी मी लाईनवरही भरून ठेवतो. तसं सेटिंग असतं. पंखे, दिवे, फ्रीज, वायफाय इतकंच बॅकअपच्या वेगळ्या वायरिंगवर घेतलंय, त्यामुळे रात्र सहज निघते. पंप त्यावर नाही. सुरू होतानाच तो इतका करंट ओढतो की इन्व्हर्टर ट्रिप होतो.

आणखी एक, माडाची सावली. एका झावळीची सावली पॅनलवर आली तरी सगळ्या रांगेचं उत्पादन खाली येतं. पाडेलीकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्याकडून, झावळ्या काढून घेतल्या. माड तोडायला आई तयार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. घर कौलारू असेल तर आधी पॅनल कुठे बसणार ते बघा. आमच्याकडे मागच्या पडवीवर स्लॅब होता म्हणून जमलं.

तुमचं हॉटेल असेल, कोल्ड स्टोरेज असेल, कुळागराला (माड-पोफळीच्या बागेला) दिवसभर पंप लागत असेल, तर डिझेल सोडू नका. घरापुरतं विचाराल, त्यातून घरी वयस्कर माणसं असतील, तर माझ्या मते जास्तीचे पैसे बॅटरीत घालावेत. जनरेटर मी विकलेला नाही, पण गेल्या चवथीनंतर त्याला हात लावलेला आठवत नाही.

गेल्या जूनमध्ये मोठ्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी आईला फोन करून विचारलं, रात्री लाईट गेली होती काय? म्हणाली, "गेली असणार. शेजारचा जनरेटर वाजत होता."