खुंट्यांचा आठ-वजीर पट : घ्यावा, पण सोबतचा कागद बाजूला ठेवावा

जळगाव-धुळ्याकडे मिळणारा हा पट सागवानी आहे. चौसष्ट घरं, प्रत्येक घराच्या मधोमध भोक आणि खुंटीवर बसणारे बुद्धिबळातले आठ वजीर. किंमत ६५० रुपये. कोडं जर्मन बुद्धिबळपटू माक्स बेझेल यांनी १८४८ साली मांडलेलं : वजीर आडवा, उभा आणि तिरपा मारतो, तर आठही वजीर असे बसवा की कुणीच कुणाच्या माऱ्यात येणार नाही.

खुंटीमुळे खरंच सोय होते. पट उचलून तिरप्या रेषेत डोळा लावता येतो, आणि चुका तिरप्यातच होतात. आडव्या-उभ्या ओळी मुलं सहज सांभाळतात.

सोबतचा कागद मात्र दिशाभूल करतो. त्यावर ‘एकूण १२ उत्तरं’ असं छापलंय. पट फिरवून किंवा आरशात उलटवून मिळणाऱ्या मांडण्या एकच धरल्या तरच १२. नाहीतर उत्तरं ९२. अकरा मांडण्यांची प्रत्येकी आठ रूपं, बारावीची चारच. म्हणजे मुलानं शोधलेलं बरोबर उत्तर कागदावर नाही म्हणून चूक ठरायचं. हे फार वाईट.

दर ओळीत पहिलं मोकळं घर घ्या, एवढंच कागद सांगतो. तसं केलं तर पहिल्या पाच ओळींत क्रमानं १, ३, ५, २, ४ या क्रमांकाच्या घरांत पाच वजीर बसतात आणि सहाव्या ओळीत एकही घर उरत नाही. पाचवा उचलून आठव्या घरात नेला तरी सहावी ओळ बंदच. मग चौथा हलवायचा. सगळा पट रिकामा करायचा नाही, एकेक पाऊल मागे यायचं. कोड्याचा जीव इथंच आहे. सुरुवात चार बाय चारवर करावी, बाकीची घरं कागदानं झाकून. तिथं दोनच उत्तरं, त्यातलं एक २, ४, १, ३. पुढं पाचच्या पटावर १० उत्तरं आहेत, सहाच्या पटावर फक्त ४, म्हणून सहाचा पट पाचपेक्षा छळतो.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. पिरगाळल्या तर वजीर निखळतो. २२० नंबरचा पॉलिश पेपर खुंटीवर हलका फिरवावा. भोक मोठं करू नये, मे महिन्याच्या उन्हात लाकूड आकसलं की तीच खुंटी डगमगते.

घरांना काळा-पांढरा रंग नाही, ही मोठी उणीव. याच पटावर हरभरे ठेवून एकमेकांच्या माऱ्यात न येणारे ३२ घोडे, १६ राजे किंवा १४ उंटही मांडता येतात. पण घोडा दर चालीत घराचा रंग बदलतो, म्हणून एकाच रंगाची सगळी घरं भरली की ३२ घोडे बसतात, हे रंगाशिवाय दिसणार कसं?

घेताना आठही खुंट्या चार कोपऱ्यांच्या भोकांत बसवून बघाव्यात.