एफए कप फायनल्सचा डीव्हीडी संच: आठ महिने, दर शनिवारी एक पूर्ण मॅच

२०२४ च्या दिवाळीत भाचा लेस्टरहून आला, तो बॅगेत एक जड खोका घेऊनच. आत एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेच्या जुन्या फायनल्सच्या आणि लीगच्या, म्हणजे तिथल्या साखळी स्पर्धेच्या, काही गाजलेल्या सामन्यांच्या मिळून २४ डीव्हीडी होत्या, तिथल्या एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या. गोल तर मोबाईलवर शंभरदा बघितलेले, मग खोकाभर डिस्कचं करायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं. आठ महिने दर शनिवारी रात्री एक मॅच सुरुवातीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितली आणि आज मत बरंच बदललंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी व्यवहाराचं. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालणार हे तिच्या रीजन नंबरवर ठरतं. इंग्लंडच्या डीव्हीडी रीजन २ च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. पहिल्या रात्री घरच्या प्लेअरने डिस्क सरळ बाहेर टाकली. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रीजन बदलून देता येतो, पण साधारण पाचच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. आम्ही शेवटी सगळे रीजन चालणारा एक जुना प्लेअर शोधून आणला. संच मागवायच्या आधी हे बघून ठेवा.

माझ्याबरोबर आण्णा बसायचे. माझे वडील, वय ७६. तरुणपणी कोल्हापुरात पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेले. इंग्लिश क्लबांची नावं त्यांना फारशी माहीत नाहीत, त्यामुळे कुठलाच निकाल आधी ठाऊक नाही. या संचाची खरी किंमत मला त्यांच्यामुळेच कळली.

सुरुवात १९५३ पासून केली. ब्लॅकपूल ४, बोल्टन ३. ही फायनल सगळं जग ‘मॅथ्यूजची फायनल’ म्हणून ओळखतं. ब्लॅकपूलचा स्टॅन्ली मॅथ्यूज ३८ वर्षांचा, १९४८ आणि १९५१ अशा दोन फायनल हरलेला, आणि पदक मिळवायची ही बहुधा शेवटची संधी. मीही डोळे लावून बसलो होतो ते त्याच्यासाठीच. आण्णांची नजर मात्र दुसरीकडेच गेली. पहिल्या अर्ध्या तासातच म्हणाले, “अरे, तो बघ, लंगडतोय. त्याला बाहेर घ्या की!” तो बोल्टनचा एरिक बेल. मांडीचा स्नायू दुखावलेला. पण त्या काळी बदली खेळाडूच नव्हता. इंग्लिश लीगमध्ये ती सोय १९६५ ला आली. म्हणून लेफ्ट हाफला खेळणाऱ्या बेलला डाव्या विंगवर उभं केलं आणि त्याच्या जागी फॉरवर्ड हॅरल्ड हॅसलला मागे ओढलं. म्हणजे बोल्टनची डावी बाजू कच्ची झाली, आणि समोर त्याच बाजूला उजव्या विंगवर मॅथ्यूज! पुढे लेफ्टबॅक राल्फ बँक्सच्याही पायात गोळे आले. मॅथ्यूजने शेवटच्या वीस मिनिटांत जी वाट काढली, ती तिथून.

याने मॅथ्यूजचं कौतुक तसूभरही कमी होत नाही. बॉल पायाशी घेऊन तो बचावपटूसमोर क्षणभर थांबतो, खांदा किंचित टाकतो आणि पुढच्या क्षणी बाहेरून निघून गेलेला असतो. समोरच्याला तो काय करणार हे माहीत आहे, तरी अडवता येत नाही. पण त्याच लंगड्या बेलने हेडरने गोल करून बोल्टनला ३-१ पुढे नेलं, हे पूर्ण मॅच बघितल्याशिवाय काळजाला भिडत नाही. आणि हॅटट्रिक तर स्टॅन मॉर्टेनसनची होती. ८९ व्या मिनिटाला फ्री किकवर त्याने असा फटका मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. भरपाई वेळेत मॅथ्यूजने घसरता घसरता मागे दिलेला बॉल बिल पेरीने आत मारला. आण्णा उठून उभे राहिले, पण बसताना पहिलं वाक्य काय, तर “त्या बेलचं वाईट झालं.”

चित्राचा दर्जा १९५० च्या दशकातल्या डिस्कमध्ये धूसर आहे, बॉल मधूनच दिसेनासा होतो. चालवून घ्यावं लागतं. एक निराशा मात्र सांगायलाच हवी. १९२३ ची, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरची पहिली फायनल आणि १९५६ ची बर्ट ट्राउटमानची फायनल यांचे फक्त चार-पाच मिनिटांचे तुकडे आहेत. १९२३ ला अधिकृत आकडाच १,२६,०४७ प्रेक्षकांचा. गर्दी मैदानात उतरलेली आणि बिली नावाच्या घोड्यावर बसलेला पोलीस तिला हळूहळू रेषेबाहेर सरकवतोय. ट्राउटमान हा जर्मन पॅराट्रूपर, युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आलेला आणि मँचेस्टर सिटीचा गोलकीपर झालेला. शेवटच्या १७ मिनिटांत मान मोडलेली असताना तो खेळत राहिला. मोडली आहे हे एक्स-रेत काही दिवसांनी कळलं! असल्या मॅचचा तुकडा बघून भूक भागत नाही.

१९७३ ची डिस्क सर्वांत स्वच्छ. सेकंड डिव्हिजनमधलं, म्हणजे लीगच्या खालच्या गटातलं, संडरलंड विरुद्ध आदल्या वर्षीचा विजेता लीड्स. इयन पोर्टरफिल्डने पहिल्या हाफमध्ये गोल केला आणि मग तासभर छातीत धडधड. गोलकीपर जिम माँटगोमरीने ट्रेव्हर चेरीचं हेडर अडवलं, सुटलेला बॉल थेट पीटर लोरिमरच्या पायावर गेला, आणि जमिनीवर पडलेला माँटगोमरी उठत-उठत तो फटका बारवर ढकलतो. आम्ही तो भाग सात-आठ वेळा मागे घेतला. चेरीला अडवल्यावर त्याचा भार अजून एका हातावरच आहे आणि तेवढ्यात दुसरा हात वर गेलाय, हे सावकाश लावल्यावरच दिसतं.

आता तक्रार. १९७९ ची आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर युनायटेडची डिस्क ८४ व्या मिनिटाला अडकली. स्कोअर आर्सेनल २-०. फुटबॉल माहीत असलेल्याला कळेल ही काय आपत्ती आहे! पुसून बघितली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, काही उपयोग नाही. विक्रेत्याने भाच्याकडे दुसरी डिस्क पाठवायला सहा आठवडे लावले. आण्णांना वाटत होतं की मॅच संपल्यातच जमा आहे, आणि मी तोंड मिटून गप्प. नवी डिस्क आली त्या शनिवारी शेजारची दोन पोरंही बसली. ८६ व्या मिनिटाला युनायटेडचा गॉर्डन मॅक्वीन, ८८ व्या मिनिटाला सॅमी मॅकिलरॉय, २-२. आण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं, ते मी विसरणार नाही. तेवढ्यात आर्सेनलचा लियाम ब्रॅडी दमलेल्या पायांनी बॉल पुढे नेतो, डावीकडे ग्रॅहम रिक्सला देतो, रिक्सचा क्रॉस गोलकीपरच्या डोक्यावरून जातो आणि लांबच्या पोस्टशी ॲलन संडरलंड. ३-२. या पाच मिनिटांचा अर्थ आधीची ८५ मिनिटं बघितल्यावरच लागतो. युनायटेडचे खेळाडू तोवर मान खाली घालून चालत होते.

१९८८ ची विम्बल्डन-लिव्हरपूल फायनल मोबाईलवर म्हणजे दोन क्षण: विम्बल्डनच्या लॉरी सँचेझचं हेडर आणि त्यांचा गोलकीपर डेव्ह बीसंटने अडवलेली लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी, वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये वाचवलेली पहिली. पूर्ण मॅच बघितली तेव्हा लक्षात आलं की पेनल्टीच मुळात चुकीची होती. क्लाइव्ह गुडइयरने बॉलच खेळला होता. पण लिव्हरपूलवरही अन्याय झालाय. त्याआधी पीटर बिअर्ड्सलीने केलेला गोल गेला, कारण रेफरीने लिव्हरपूललाच फ्री किक देण्यासाठी शिट्टी आधी वाजवली होती. १९७७ ला लीगमध्ये शिरलेल्या विम्बल्डनने अकरा वर्षांत हा कप उचलला, ही गोष्ट खरी आणि थोर आहे. पण तिच्या आत या दोन शिट्ट्याही आहेत.

लीगच्या डिस्कमध्ये मी एकाच मॅचवर थांबेन: २६ मे १९८९, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. अजिंक्यपदासाठी आर्सेनलला दोन गोलांनी जिंकायलाच हवं. ही मॅच एप्रिलमध्ये व्हायची होती, पण १५ एप्रिलला हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या चाहत्यांचे जीव गेले. मृतांची संख्या आज ९७ आहे. सुरुवातीला आर्सेनलचे खेळाडू हातात फुलांचे गुच्छ घेऊन प्रेक्षकांकडे जातात. आण्णांनी विचारलं, फुलं कशाला? मी डिस्क थांबवून सगळं सांगितलं. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. ॲलन स्मिथचा गोल, आणि ९१ व्या मिनिटाला मायकेल थॉमसचा. दोन्ही संघ ७६ गुणांवर, गोलफरकही सारखाच ३७. आर्सेनलचे गोल ७३ आणि लिव्हरपूलचे ६५, एवढ्यावर अजिंक्यपद ठरलं. तरी आम्हाला पहिली आठवते ती फुलंच.

घ्यावा का? ज्याला नव्वद मिनिटं बसायची तयारी आहे त्याने नक्की. फक्त गोल बघायचे असतील तर पैसे घालू नका. दोन डिस्कची लेबलं अदलाबदल झालेली आहेत, खोक्याचं झाकण तुटलंय, पण एक डिस्क सोडली तर बाकी सगळ्या नीट चालतात.

मे महिन्यात एक योग जुळून आला. १९९० ची क्रिस्टल पॅलेस विरुद्ध युनायटेड, ३-३, आम्ही आदल्याच आठवड्यात बघितली होती. पाय मोडून बरा झालेला पॅलेसचा इयन राइट बदली म्हणून येतो, दोन गोल करतो, आणि तरी बरोबरीमुळे पुन्हा झालेल्या मॅचमध्ये, म्हणजे रिप्लेमध्ये, पॅलेस ०-१ हरतो. १७ मे २०२५ ला रात्री ९ वाजता लाइव्ह फायनल लावली, तर समोर तोच क्लब. एबेरेची एझेचा सोळाव्या मिनिटाचा गोल, डीन हेंडरसनने वाचवलेली पेनल्टी, मँचेस्टर सिटीविरुद्ध १-०. पॅलेसचा पहिला मोठा कप. शिट्टी झाल्यावर आण्णा म्हणाले, “तो राइट कुठं असेल आज?”

१९७० ची चेल्सी-लीड्स अजून राहिलीय. मूळ मॅच बरोबरीत, मग ओल्ड ट्रॅफर्डला रिप्ले, दोन्ही डिस्क आहेत. त्यासाठी आण्णांनी लागोपाठ दोन शनिवार मोकळे ठेवायला सांगितलेत. निकाल कोणी बोलायचा नाही, हेही शेजारच्या पोरांना बजावून झालंय.