कोटोर की पेरास्ट: मुक्काम कुठे टाकावा?

माँटेनिग्रोतली ही दोन्ही गावं एकाच खाडीच्या काठी, पाठीला डोंगर. मध्ये अंतर जेमतेम १२ किलोमीटर.

कोटोर तटबंदीच्या आत वसलेलं. तिथलं सेंट ट्रायफन कॅथेड्रल ११६६ सालचं. १६६७ आणि १९७९ च्या भूकंपांचा मार खाऊनही उभं आहे. मला त्याहून भावलं ते ११९५ चं सेंट ल्यूकचं इवलंसं चर्च. आत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, दोन्ही पंथांच्या वेद्या! वरच्या किल्ल्याला सुमारे १,३५० पायऱ्या. सिंहगडची सवय असेल तर जमेल, पण दगड गुळगुळीत झालेत, चपला घालून जाऊ नका. क्रूझ लागली की गल्ल्यांत गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी.

पेरास्टमध्ये किनाऱ्यालगत एकच मुख्य रस्ता. समोर माणसांनी दगड टाकून, जुनी जहाजं बुडवून उभं केलेलं बेट आणि त्यावर चर्च. दर २२ जुलैला संध्याकाळी होड्या अजूनही दगड घेऊन निघतात. चर्चमध्ये एक भरतकाम आहे. दर्यावर्दी नवऱ्याची वाट बघत एका बाईने २५ वर्षं ते केलं, धाग्यांसोबत स्वतःचे केस वापरून. केस काळ्याचे पांढरे होत गेलेले त्यात दिसतात म्हणे. मी काचेला नाक लावून बराच वेळ शोधत होतो.

एकच रात्र असेल आणि बसने फिरणार असाल तर कोटोर. स्टँडवरून चालत पोचता. पेरास्टला बस वरच्या रस्त्यावर सोडते, बॅगा उचलून पायऱ्या उतरा. तरी दोन रात्री असतील तर मी पेरास्टच घेईन आणि कोटोर सकाळी सातला, क्रूझवाले उतरायच्या आत, उरकेन.