आरडी ३५० घेताय? आवाज नंतर ऐका, आधी नंबर बघा

जुनी आरडी ३५० मोटारसायकल घ्यायला गेलो आणि एकूण ४,१०,९०० रुपये गेले. टोकन २५,०००, आरटीजीएस ३,१०,०००, ‘एनओसीच्या खर्चाला’ (गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायला लागणारं ना-हरकत पत्र) म्हणून रोख ५०,०००, बेळगावहून गाडी आणायला टेम्पो ७,५०० आणि वर मिस्त्रीचं बिल १८,४००. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितोय, कारण गाडी विकणारा हा माणूस थांबणाऱ्यातला नाही.

मी काही नवशिका नाही. यामाहा आरएक्स १०० वर वाढलोय, कार्ब्युरेटर स्वतः उघडतो. राजदूतची आरडी ३५० बघायला गेलो तो सगळं पाठ करून. एचटी (हाय टॉर्क) ३०.५ बीएचपीची, पेट्रोल पिते म्हणून लोक ओरडले तेव्हा काढलेली एलटी (लो टॉर्क) २७ची, आणि आज भाव आहे तो एचटीला. आपल्याकडच्या गाडीला पुढेही ड्रमच, डिस्क लावून ‘ओरिजिनल’ म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. याच्या गाडीला ड्रम होता. टाकीचा रंग बरोबर, मीटर बरोबर. दोन किकमध्ये सुरू झाली, आणि तो आवाज ऐकला की माणसाचं डोकं चालायचं बंद होतं, हे तो पक्कं ओळखून होता. इंजिन आधीच गरम होतं हे आत्ता आठवतंय. थंड गाडी सुरू करून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर उठा.

उजव्या सायलेन्सरमधून धूर जास्त येत होता. ‘टू-स्ट्रोक आहे साहेब, धूर मारणारच.’ मारतेच, पण दोन्हीकडून सारखा मारायला हवा. उजवीकडचं क्रँक सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल देणारा पंप तर काढूनच टाकलेला. का, तर ‘प्रीमिक्स (ऑइल टाकीतच पेट्रोलमध्ये मिसळणं) जास्त सेफ’. बरं, हे सगळं पैसे टाकून दुरुस्त होतं. त्याचा राग नाही.

राग त्या एका मिनिटाचा आहे. हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर बघायला मी वाकलो, बोटाने धूळ पुसली. आजूबाजूचा रंग गुळगुळीत आणि नंबराखालची पट्टी मात्र किंचित खोलगट, कानस फिरवल्यासारखी. आकड्यातला ८ बाकीच्यांपेक्षा खाली बसलेला. नख लावून बघितलं, तिथे रंगाचा थर जाड होता. मी विचारणार, तेवढ्यात त्याने किल्ली हातात ठेवली. ‘एक राउंड मारून या, मग बोलू.’ आलो तेव्हा चहा तयार, आणि फोनवर कुणी बेंगळुरूवाला चार लाख द्यायला तयार. सांगा, किती जणांनी परत वाकून बघितलं असतं? आरसी हातात होती, तीन अक्षरांचा जुना नंबर होता. ऑनलाइन सापडत नाही म्हटलं, तर ‘जुनं रेकॉर्ड आहे, बॅकलॉग एंट्री व्हायचीय’. हे खऱ्या गाड्यांच्या बाबतीतही होतं, म्हणून तर पटलं. पण तुम्ही ऐकू नका. एंट्री झाल्यावर बोलू म्हणा. आरसीवरचा मालक समोर उभा पाहिजे. माझ्या आरसीवरचा मालक वारलाय, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या होत्या त्याच्याच.

आमच्या आरटीओत इन्स्पेक्टरने रंग काढायला लावला आणि थंडपणे म्हणाला, ‘नंबर पंच केलाय. गाडी जप्त होऊ शकते.’ म्हणजे पैसेही गेले आणि चोरीच्या गाडीचा संशय माझ्यावर! मूळ आरटीओत गेलो तर जुनं रजिस्टर सापडत नाही, आणि अर्ज मालकानेच करायचा. मालक वारला म्हटलं तर वारसाचा दाखला आणा. मी कुणाचा वारस?

पोलीस चौकीत, ‘तुम्ही स्वतः पैसे पाठवले, मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ बनावट नंबर दिवाणी कसा हो? मग म्हणे व्यवहार कर्नाटकात झाला, तिकडे तक्रार द्या. तिकडचे म्हणाले पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. हे मी सांगितल्यावर हवालदार म्हणाला, ‘वकील आहात का?’ शेवटी साधा अर्ज घेतला, तोही पोचेवर शिक्का मारायला तासभर उभं करून. पोच सोडू नका. आणि १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा तर पैसे गेल्या-गेल्या करा. मी केला तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं.

रोख ५०,००० ची पावती कुठेय, असं परवा तपास अधिकाऱ्याने विचारलं. एनओसीच्या नावाने कुणी रोख मागितली तर रक्कम फॉर्म २८, म्हणजे तीच एनओसी, आरटीओतून हातात पडल्यावर, आणि तीही बँकेतूनच द्या. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) टोकनच्या आधी घ्या. घेऊ देत नसेल तर चहासुद्धा पिऊ नका. विकणारा आता काळी आरएक्स विकतोय, फोटोत मागे तेच निळं शटर आहे. त्याला माझा नंबर ब्लॉक करायचीही गरज वाटलेली नाही, रिंग पूर्ण वाजते.